एकतर्फी हुकूमनामा

आजचे चित्रपट आणि आजचे व्हिडिओ गेम पूर्वीच्यांहून सरस आहेत काय, हा प्रश्न हल्ली घरोघरी निघतो आणि बहुधा जेवणाची पाने उचलण्यापूर्वीच निकालातही निघतो. घरातला मुलगा म्हणतो, "आमचे पाहा आणि मग तुमच्या जुन्याच्या गोष्टी सांगा." घरातले आजोबा म्हणतात, "जुने ते सोने." एकाने जुने पाहिलेले नसते, दुसऱ्याला नवे पाहायचे नसते, निकाल मात्र दोघांच्याही खिशात तयार असतो. आमचे निम्मे आयुष्य न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यात गेले असल्यामुळे आम्हाला या भांडणाची जात ओळखीची वाटते. प्रतिवादी हजर नसताना वादीच्या एकट्याच्या पुराव्यावर जो निर्णय होतो, त्याला एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. असा हुकूमनामा रद्द करून घेण्याची सोयही कायद्याने ठेवली आहे. प्रतिवादीच्या गैरहजेरीला पुरेसे कारण होते, एवढे दाखवावे लागते. नव्या-जुन्याच्या या दाव्यात भूतकाळाच्या गैरहजेरीला कारण आहे, आणि ते पुरेसे आहे. तेच आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

परंतु प्रथम वादीचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तेव्हा त्या चित्राला वाचा नव्हती, रंग नव्हता, आणि तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना म्हणून ती अण्णा साळुंके या पुरुषाला करावी लागली. आज एका खोलीत बसलेले तंत्रज्ञ संगणकावर समुद्र उसळवतात आणि नगरे वसवतात. १९८० सालच्या 'पॅकमॅन' या खेळात एक पिवळे वर्तुळ, एक चक्रव्यूह आणि चार भुते एवढाच संसार होता; आजच्या खेळात अख्खे शहर, त्या शहरातला पाऊस आणि त्या पावसात चालणारी माणसे असतात. हे केवळ देखाव्यापुरतेच खरे आहे, असेही नाही. पुण्याच्या एका तरुण चमूने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा असून दुर्गा व विष्णू हे तिचे निवेदक आहेत. आपल्या पुराणांतून असे काही नव्या माध्यमात घडू शकते, हे पन्नास वर्षांपूर्वी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. चित्रपटांत चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. कनिष्ठ न्यायालयातला कंटाळा, तारखांवर पडणाऱ्या तारखा आणि वकिलांचे कोरडे इंग्रजी इतक्या नेमकेपणाने आमच्या व्यवसायाबाहेरच्या माणसाने टिपावे, याचे आम्हाला आश्चर्य वाटले. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला तो यथायोग्यच होता. नव्यात कसच नाही असे म्हणणाऱ्यांशी, तेव्हा, आमचे जमणार नाही.

'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांची चूक आणखी एक आहे. ते जुन्यातले निवडक रत्न एका हातात घेतात, नव्यातला सगळा कोंडा दुसऱ्या हातात घेतात, आणि मग तराजू उचलतात. जुन्या काळीही सुमार चित्रे ढिगांनी निघत होती. ती लोक विसरले आणि चांगली तेवढी आठवणीत राहिली. काळाने चाळून दिलेल्या धान्याची तुलना खळ्यावरच्या राशीशी करणे हा न्याय नव्हे.

आता वादीच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. साधने वाढली म्हणून कृती सरस झाली, असा तो मुद्दा आहे. 'सरस' या शब्दात रस आहे. यंत्र कोठेच नाही. १९१७ साली फाळक्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंक्यांनीच केल्या होत्या. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातील वहाणा काढीत, असे सांगतात. २०२३ साली त्याच रामकथेवर शेकडो कोटी रुपये ओतून 'आदिपुरुष' काढण्यात आला. लंका संगणकाने उभारली, वानरसेना संगणकाने उभारली; आणि संवाद लोकांना इतके खटकले की प्रदर्शनानंतर ते बदलण्याची पाळी आली व प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापर्यंत गेले. याउलट १९८७-८८ सालची रामानंद सागर यांची दूरचित्रवाणी-मालिका, जिच्यातील बाणांची टक्कर आजचे पोर हसून पाहील, ती २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखवली तेव्हा कोट्यवधी लोक तिच्यापुढे बसले.

'संत तुकाराम'चे उदाहरण याहून बोलके आहे. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा प्रभातचा बोलपट १९३६ सालचा. त्यातले वैकुंठगमन आजच्या दृष्टीने कळसूत्री वाटते. परंतु गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई, नवऱ्यावर आणि त्याच्या विठोबावर एकाच दमात तोंड सोडणारी आणि तरीही त्याच्या पोटाची काळजी वाहणारी, तिला आजच्या कोणत्याही यंत्राने अधिक खरे करता येणार नाही, कारण तिथे यंत्राला करण्यासारखे काही उरलेलेच नाही. १९३७ साली व्हेनिसला या चित्रपटाची वाखाणणी झाली. सत्तर-ऐंशी वर्षांच्या अंतराने एकाच महोत्सवात वाखाणलेली ही दोन मराठी चित्रे आपण आज शेजारी ठेवून पाहू शकतो आणि त्यांवर मनसोक्त वाद घालू शकतो. आमच्या दृष्टीने हीच या प्रकरणाची किल्ली आहे. वाद घालता येतो, कारण 'संत तुकाराम' शिल्लक आहे.

बाकीच्यांचे काय? बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांच्या चित्रांपैकी 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग उरला आहे, 'लंकादहन'चे तुकडे उरले आहेत. मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण करून त्यांनी १९१९ साली काढलेला 'कालिया मर्दन' त्यातल्या त्यात बराच वाचला आहे. बाबूराव पेंटर यांचा १९२५ सालचा 'सावकारी पाश' हा मूकपट, ज्याच्या वास्तवतेची वर्णने आपण पुस्तकांत वाचतो, तो मूळ रूपात पाहायला मिळत नाही. हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची एकही प्रत ज्ञात नाही. आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट झाले. त्यांतले पंचवीस-तीस वाचले, तेही पुष्कळसे तुकड्यातुकड्यांनी. कोकणी वाचकांना 'मोगाचो आंवडो' हे नाव ठाऊक असते. २४ एप्रिल १९५० रोजी प्रदर्शित झालेला हा पहिला कोकणी चित्रपट. त्या तारखेला आपण कोकणी चित्रपट दिन पाळतो; पण तो चित्रपट पाहू म्हटले तर सामान्य प्रेक्षकाला मिळत नाही. जयंती साजरी होते आणि जिची जयंती तिचे दर्शन नाही, अशी ही अवस्था आहे.

हे सारे काळाने नेले, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. जुनी फीत नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात अशा फितींच्या साठ्याला आग लागून अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. पण आगीहून जास्त नुकसान हिशेबी बुद्धीने केले. चित्रपटाचा धंदा संपला की त्याच्या फिती चांदी काढण्यासाठी विकल्या जात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात निघाले ते १९६४ साली, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर एक्कावन्न वर्षांनी. संपन्न देशांचीही कथा निराळी नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे त्या देशातील सुमारे ११००० मूक कथापटांपैकी अवघे १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्ण उरले आहेत. प्रतिवादी समन्स चुकवून लपून बसलेला नाही. त्याला जाळले आहे, विकले आहे, आणि वर त्याच्याविरुद्ध हुकूमनामा मागितला जात आहे.

इथे नव्याचा अभिमानी म्हणेल, "झाले ते झाले. आता संगणक आहे, आता काही हरवणार नाही." दुर्दैवाने वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

व्हिडिओ गेमचा इतिहास जपणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने २०२३ साली पाहणी केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाले आहेत, असे तीत आढळले. हे जुन्या खेळांचे झाले. नव्यांपैकी 'द क्रू' नावाच्या मोटार-शर्यतीच्या खेळाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हा खेळ २०१४ साली विक्रीस आला. एकट्याने खेळायचा म्हटले तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी असल्याखेरीज तो सुरू होत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केला. ज्यांनी पैसे मोजून चकती घेतली होती त्यांच्या हाती चकती राहिली आणि खेळ गेला. यावरून उठलेल्या चळवळीच्या अर्जावर युरोपात दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. चित्रपटांची गतही त्याच वाटेने चालली आहे. २०२३ च्या मे महिन्यात 'क्रेटर' हा चित्रपट एका बड्या अमेरिकन कंपनीच्या इंटरनेट-वाहिनीवर प्रदर्शित झाला आणि सात आठवड्यांत तिथून काढून टाकण्यात आला. पुढे तो विकत घेण्यासाठी अन्यत्र ठेवला गेला हे खरे. पण ठेवणे न ठेवणे ही केवळ मालकाची मर्जी आहे, हे त्या सात आठवड्यांनी सिद्ध केले. आणि मालकाची मर्जी फिरली तर कृती जन्मापूर्वीच नाहीशी होते: जवळजवळ पुरा झालेला 'बॅटगर्ल' हा चित्रपट २०२२ साली त्याच्या निर्मात्या कंपनीने कायमचा बासनात बांधला.

इथे कायद्याचा एक साधा भेद वाचकांनी ध्यानात घ्यावा. वस्तू विकत घेणे आणि वस्तू वापरण्याचा परवाना मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. विहीर विकत घेतली तर पाणी आपले. शेजाऱ्याने त्याच्या विहिरीवर येऊ दिले, तर तो आडवा होईपर्यंतच पाणी आपले. आजचे बहुसंख्य डिजिटल खेळ आणि चित्रपट दुसऱ्या जातीचे आहेत, आणि 'विकत घ्या' हे शब्द मात्र पहिल्या जातीचे वापरले जातात. कॅलिफोर्निया राज्याने यावर केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. तुम्हाला मिळतो तो परवाना आहे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे, असे त्याने बंधन घातले. खेळ बंद करण्यास त्याने मनाई केलेली नाही. फसवू नका, एवढेच सांगितले आहे.

आता याच्याशेजारी आपला मोक्षपट ठेवा. सापशिडीचा हा मूळ अवतार. परंपरा त्याचे नाते ज्ञानदेवांशी जोडते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले असे पट संग्रहालयांत आहेत. त्यांवरची पुण्याची शिडी कोठे चढते आणि पापाचा साप कोठे उतरतो हे आजही वाचता येते, आणि कवड्या हाती घेतल्या तर खेळताही येते. हंपीच्या देवळांच्या फरशांवर कोरलेले पट पाहावेत; नवकंकरी किंवा वाघ-बकरी ठाऊक असलेला माणूस चार खडे घेऊन तिथे आजही बसू शकेल. दोनशे वर्षांपूर्वीचा खेळ चालू आहे, आणि २०१४ सालचा खेळ दहा वर्षांत मेला. यंत्राच्या दृष्टीने 'द क्रू' मोक्षपटाहून कोटीपटीने पुढे असेल. परंतु आमच्या नातवाने उद्या या दोहोंची तुलना करायची ठरवली, तर त्याच्या पुढ्यात पट तेवढा असेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, सगळेच जपून ठेवण्याची काय गरज? कचरा जावा हेच बरे. हे म्हणणे वरकरणी शहाणपणाचे आहे. पण कचरा कोणता हे ठरवणारे आपण कोण? प्रभातच्या काळी जे चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले त्यांतले कित्येक आज कंटाळवाणे वाटतात, आणि ज्यांकडे पाठ फिरवली त्यांत आज आपल्याला रस सापडतो. दुसरे असे की, नाश होताना निवड गुणांवरून होत नाही. 'सावकारी पाश' हीन होता म्हणून गेला नाही, आणि जे तुकडे उरले ते श्रेष्ठ होते म्हणून उरले नाहीत. कोठे डबा कोरड्या जागी राहिला, कोठे भंगारवाला आधी पोचला, एवढ्यावर ते ठरले.

दुसरा आक्षेप मालकीचा आहे. कृती ज्याची, ती ठेवण्याचा अथवा मोडण्याचा हक्क त्याचा, असे म्हणतात. आमच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याची दृष्टी अशी नाही. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे चालतो आणि मग कृती जनतेची होते. हा एक सौदा आहे: समाजाने साठ वर्षे निर्मात्याच्या हक्काचे रक्षण करायचे, आणि नंतर निर्मात्याने कृती समाजाच्या स्वाधीन करायची. समाज आपला हप्ता भरतो. साठाव्या वर्षी दार उघडले आणि कोठार रिकामे निघाले, तर सौद्याचा अर्धा भाग मोडला, असे म्हणण्यास कोणत्याही वकिलाला शास्त्राधार शोधावा लागणार नाही.

पुस्तकाच्या बाबतीत ही काळजी आपण केव्हाच घेतली. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पोचती करायची असते. हा कायदा पुस्तके आणि वृत्तपत्रे यांपुरताच आहे. चित्रपट आणि व्हिडिओ गेम त्याच्या कक्षेबाहेर आहेत. फ्रान्समध्ये १९९२ पासून व्हिडिओ गेमसुद्धा राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावे लागतात. तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही. आमची मागणी दोन वाक्यांत सांगता येते. चित्रपट असो वा खेळ, सार्वजनिक विक्रीस आलेल्या प्रत्येक कृतीची चालू स्थितीतली प्रत सार्वजनिक संग्रहात जमा व्हावी. आणि सर्व्हर बंद करणाऱ्याने ती कृती सर्व्हरवाचून चालेल अशी सोय करून मगच दार लावावे.

कायदा होईल तेव्हा होईल. ज्या समाजासाठी हे पान निघते त्याला या बाबतीत शिकवण्याची वेळ येऊ नये, असे आम्हाला वाटते. गोव्यातल्या आमच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात देव पालखीत घालून नदी ओलांडली आणि अंत्रुजच्या डोंगरांआड त्यांची पुन्हा स्थापना केली. तिकडे गेल्यावर याहून देखणी मूर्ती घडवता येईल, असा हिशेब त्यांनी केला नाही. नंतर देवळे नवी झाली, दीपस्तंभ उभे राहिले, कळस चढले. जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ आमच्या गावोगावच्या महाजनांना कोशात पाहावा लागत नाही. हिंदू कायद्यात देवाला नित्य अज्ञान समजतात, आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्याने ती पुढच्या पिढीच्या वतीने सांभाळायची असते. पडद्यावरच्या कृतींनाही स्वतःसाठी बोलता येत नाही.

तरीही आमच्याच देवस्थानांच्या कोठारांत काय चालले आहे ते पाहावे. जत्रेतल्या संगीत नाटकांच्या ध्वनिफिती, उत्सवाच्या व्हिडिओ कॅसेटी, एखाद्या हौशी गृहस्थाने काढलेली आठ मिलिमीटरची फीत, हे सारे समईच्या तेलाच्या डब्याशेजारी पडलेले असते. जुन्या फितीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला की ती कुजू लागली असे समजावे. मग वेळ थोडा उरतो. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील मराठी मंडळांच्या कपाटांचीही तीच दशा असावी. प्रत्येक देवस्थानाने व मंडळाने या वर्षी एवढे तीनच ठराव करावेत: जे आहे त्याची यादी करावी, त्याच्या दोन डिजिटल प्रती करून वेगवेगळ्या गावी ठेवाव्यात, आणि मूळ फीत टाकून न देता जाणत्या संग्रहालयाच्या स्वाधीन करावी. खर्च एका उत्सवाच्या रोषणाईहून अधिक येणार नाही.

सरस कोण, या मूळ दाव्याबद्दल आमची विनंती अशी. वादीचा दावा आम्ही फेटाळा म्हणत नाही. 'कोर्ट' आणि 'राजी' यांच्या पुराव्यात वजन आहे. जुन्याच्या बाजूनेही हुकूमनामा मागत नाही. निकाल राखून ठेवावा, आणि तोपर्यंत उभय पक्षांचा मुद्देमाल जसा आहे तसा जपण्याचा अंतरिम हुकूम व्हावा, एवढीच प्रार्थना आहे. निकाल देणारे न्यायाधीश अद्याप शाळेत जात आहेत, काही तर जन्मायचे आहेत; ते आसनावर बसतील तेव्हा त्यांच्यापुढे कागदपत्रांसह दोन्ही पक्ष हजर असावेत, याची तजवीज मात्र आजच्या आज आपणांस करावी लागेल.